डोळ्यांची आखणी

२ मार्च २०२५
तळोजा, फेज दोन

दादा,

नमस्कार. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर एकच टिक येते, म्हणून कागदावर लिहिते आहे. फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

मी बरी आहे. सहाव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, खिडकीतून कंपन्यांची धुरांडी दिसतात. संध्याकाळी वास येतो तेव्हा खिडकी लावून घेते. बाकी काही त्रास नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, विचारपूस करतात, दर रविवारी उपासनेला जाते. सगळं छान चाललं आहे.

गावात काय बोलतात ते वहिनीने सांगितलं. विनीला पैसे मिळाले म्हणून तिने धर्म बदलला, असं म्हणतात. मला कुणी काही दिलेलं नाही. उलट बाप्तिस्म्याआधी पास्टरांनी मला तीनदा परत पाठवलं. घरच्यांना सांगितलंत का, असं प्रत्येक वेळी विचारायचे आणि मी मान खाली घालायचे. शेवटी जानेवारीत मी बाप्तिस्मा घेतला तो तुम्हाला न सांगताच, पास्टरांना 'सांगितलं' असं खोटं बोलून. ती माझी चूक. त्याची माफी मी तुझ्याकडे आणि आईकडे मागते. बाप्तिस्म्याची मागत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवताना तुला सांगितलं, तेव्हा तू ओरडशील असं मला वाटलं होतं. तू भाकरी मोडत राहिलास. मग म्हणालास, "देव कोनचापन मान. डोळे तेवढे तूच काढ."

दादा, तू रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू तर वाट मोकळी करून दिलीस. शेडमध्ये गणपतीच्या कच्च्या मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या आणि बाबा गेल्यापासून अकरा वर्षं त्यांच्या डोळ्यांची आखणी मीच करत आले. माझ्याशिवाय हंगाम कसा निघणार हे तुझ्या तोंडावर दिसत होतं. तरी मी नाही म्हटलं. तू ताट बाजूला सारून उठलास आणि संध्याकाळी माझी पिशवी ओटीवर आणून ठेवलीस.

मी का नाही म्हटलं ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. बाबांनी शिकवलं होतं, वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची आणि ओढताना मनात नमस्कार करायचा. मी प्रत्येक मूर्तीला तो केला. ज्या घरात ती मूर्ती जाईल तिथली माणसं त्या डोळ्यांत बघून हात जोडणार, म्हणून केला. आता माझा नमस्कार दुसरीकडे गेला. तो नसताना नुसती रेघ ओढली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण ती त्या घरांची फसवणूक झाली असती आणि माझ्या प्रभूचीही.

आईच्या गुडघ्याला तेल लावायला वहिनीला सांग. डाव्या.

तुझी,
विनी


२० एप्रिल २०२५
तळोजा

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही, म्हणून दुसरं लिहिते.

मला नोकरी लागली. गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या कंपनीत. पट्ट्यावरून गोळ्यांची पानं पुढे सरकत असतात आणि एखादा कप्पा रिकामा असेल, गोळी तुटलेली असेल तर ते पान बाजूला काढायचं. सुपरवायझर म्हणाल्या, तुमची नजर पक्की आहे, आधी कुठे होतात? मी सांगितलं, भावाच्या कारखान्यात. कसला कारखाना हे त्यांनी विचारलं नाही.

आज पुनरुत्थानाचा रविवार आहे, आमच्यातला सगळ्यात मोठा दिवस. माझी शिफ्ट असल्यामुळे जाता आलं नाही. घरीच प्रार्थना केली.

आई म्हणते, त्या नर्सने पोरीला नादी लावलं. हे अरुंधतीताईंच्या माथी मारू नये म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती पनवेलच्या हॉस्पिटलात सतरा दिवस होती आणि तिच्याजवळ मी होते. अरुंधतीताई त्या वॉर्डच्या नर्स. त्यांनी मला देवाबद्दल एक शब्द सांगितला नाही. सकाळी आईला पुसून काढायच्या, कूस बदलायच्या, आणि आई त्यांना वेडंवाकडं बोलली तरी तिची वेणी घालून द्यायच्या. मीच विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? म्हणाल्या, येतो, तो रोज सकाळी देवाला देऊन मग कामावर येते. मला हसू आलं. पण ते डोक्यातून जाईना. तुम्ही काय वाचता ते मलाही द्या, असं मी तीनदा मागितलं तेव्हा कुठे त्यांनी पुस्तक दिलं.

ते मी वर्षभर कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, रंगांच्या डब्यांमागे बसून वाचलं. तुला वाटायचं मी झोपते. नवऱ्याने मूल होत नाही म्हणून परत पाठवल्यापासून माझ्याकडे कुणी सरळ बघत नव्हतं, दादा. लग्नाला गेले तर बायका बाळं दुसऱ्या कडेवर घ्यायच्या. तूही माझ्याशी बोलताना मूर्तीकडे बघून बोलायचास. आणि या पुस्तकात येशू थांबतो आणि नेमकं अशाच माणसांकडे बघतो, ज्यांच्याकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलेलं असतं. वाचताना मला वाटलं, हा माझ्याकडे बघतो आहे. हसू नकोस. डोळ्यांचं काम करणाऱ्या माणसाला नजर कळते.

इथे सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवा जिन्यात विचारलं, तुमच्याकडे त्या प्रार्थनेच्या मीटिंगा होतात का. मी म्हटलं, माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत, कसली मीटिंग होणार? ते हसले. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारची बाई माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाही.

ठीक आहे. मीच जिन्याने जाते, सहा मजले चढायची सवय होते आहे.

विनी


१५ जून २०२५
तळोजा

दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. पुनरुत्थानाच्या रविवारी माझी शिफ्ट नव्हती. आणि पहिल्या पत्रात सगळं छान चाललं आहे लिहिलं होतं, ते फार दिवस टिकलं नाही.

मार्चच्या शेवटी मंडळीत मला साक्ष द्यायला सांगितली. म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. आमच्यात कुमार म्हणून एक जण आहेत, पेटी वाजवतात, मंडळीचं बरंच बघतात. त्यांना कळलं होतं की मी गणपतीचे डोळे काढायचे. त्यांनी सुचवलं की साक्षीच्या वेळी मी माझे ब्रश आणावेत आणि सर्वांसमोर मोडावेत. लोकांना बळ मिळेल म्हणाले.

ते ब्रश बाबांचे आहेत, तुला माहीत आहे. पिशवीत तूच ठेवले होतेस. रागात असतानाही ते फडक्यात गुंडाळून ठेवलेस.

मी कुमारांना सांगितलं, माझा बाप सचोटीने काम करणारा माणूस होता. मी येशूची झाले ती बापाची लाज वाटली म्हणून नव्हे. ब्रश मोडणार नाही. ते म्हणाले, मग अजून तुमचं मन मागेच आहे, बहिणी. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. मी चपला घातल्या आणि निघून आले. पाच रविवार गेले नाही. इथेही नाही, तिथेही नाही, अशी झाले. एकदा पनवेल स्टँडवर येऊन गावाच्या एसटीत चढले आणि कंडक्टर तिकीट द्यायच्या आत उतरले. तुला सांगायची लाज वाटली म्हणून शिफ्टचं कारण लिहिलं.

पण दादा, त्या पाच आठवड्यांत एक गोष्ट झाली. मंडळी नव्हती, घर नव्हतं, तरी सकाळी प्रार्थनेला बसले की कुणीतरी ऐकत असायचं. मला वाटलं होतं, माणसं सुटली की हेही सुटेल. ते सुटलं नाही. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे, अरुंधतीताईंच्या चांगुलपणामुळे आलेलं वारं नव्हे.

सहाव्या रविवारी सकाळी अरुंधतीताई आल्या. काही विचारलं नाही. ओट्यावरची गवार निवडायला घेतली आणि निवडता निवडता म्हणाल्या, "ब्रश मोडू नकोस. पण घरी पण बसू नकोस. मंडळी कुमारची नाही."

मी गेले. दुसऱ्या रांगेत बसले. कुमारांनी गाण्याचं पुस्तक माझ्यापुढे धरलं, पान काढून. माफी मागितली नाही, मीही नाही. तेव्हापासून जाते आहे.

आता मुद्द्याचं. गुरुवारी वहिनीचा फोन आला. तुझ्या हाताला मुंग्या येतात, रेघ थरथरते हे कळलं. पेणहून आणलेला कारागीर पंधरा दिवसांत निघून गेला हेही कळलं. वहिनी रडत होती. मग अंकिताने फोन घेतला. म्हणाली, आत्या, मला शिकव, मी काढते.

मी तिला हो म्हटलेलं नाही. तुझ्या मागे मी तुझ्या मुलीला काही शिकवणार नाही, एकदा लपवून करून बघितलं आहे. म्हणून तुला विचारते. शिकवू का?

मी काय करीन आणि काय नाही ते आधी सांगते. कारखान्यात येणार नाही. मूर्तीला हात लावणार नाही. डोळा कसा काढायचा ते शिकवीन, हात कसा टेकवायचा, श्वास कुठे धरायचा, बुबुळ किती वर ठेवलं की नजर माणसावर पडते ते. बाबांनी मला दिलेली विद्या आहे, ती मी अडवून ठेवणार नाही. अंकिता ती कुठे वापरेल हा तिचा आणि तुझा प्रश्न. तिच्या मनात नमस्कार आहे. माझ्या मनात आता त्या जागी दुसरा आहे. तिने काढलेले डोळे खरे असतील.

हे बरोबर आहे का, याचा मी आठ दिवस विचार केला. मंडळीत सगळ्यांना पटणार नाही. मला पटलं आहे.

हाताला मुंग्या येतात त्याकडे दुर्लक्ष करू नकोस. साखर तपासून घे.

विनी


१७ ऑगस्ट २०२५
तळोजा

दादा,

पंचवीस जूनला दुपारी बेल वाजली आणि दारात अंकिता उभी. "पप्पांनी सोडलं," म्हणाली. मी गॅलरीत धावले. टेम्पो गेटबाहेर उभा होता, तू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होतास. वर बघितलं नाहीस. पण अंकिता चार तासांनी खाली उतरली तेव्हाही टेम्पो तिथेच होता. सात आठवडे तसंच चाललं. मी दर वेळी चहा खाली पाठवायचे आणि कप रिकामा परत यायचा.

पोरगी हुशार आहे. सुरुवातीला कागदावर काढायला लावलं, मग मातीच्या पणत्या आणल्या आणि त्यांच्या पाठीवर, कारण गालाच्या गोलाईवर रेघ घसरते ती सपाट कागदावर कळत नाही. तिने सहाशेच्या वर पणत्या रंगवल्या. माझ्या खोलीत सगळीकडून डोळे बघत होते. बाबांचा बारीक ब्रश तिला दिला आहे. तो आता तिचाच.

मंडळीत गोष्ट पोचायची ती पोचली. पास्टरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर शिकवलं नसतं. मी म्हटलं, तुम्ही माझ्या जागी नाही आहात. त्यांनी विचारलं, प्रार्थना करून ठरवलंत का? मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले, मग मी मध्ये येणार नाही. दोन बायकांनी माझ्याकडे येणं बंद केलं. कुमार मात्र एक दिवस जिना चढून आले, पणत्या बघितल्या, एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, हात चांगला आहे मुलीचा. एवढंच. चहा घेऊन गेले.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. मंगळवारी आई आली होती.

तुला देवळात जाते सांगून निघाली आणि रिक्षा करून इथवर आली. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मोडलेल्या खुब्याने ती सहा मजले चढली, प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत. मी दार उघडलं तर भिंतीला टेकून उभी होती. मी पाणी दिलं. पाय चेपून दिले. ती खोलीभर बघत होती, फोटो वगैरे काही आहे का. काही नाही म्हटल्यावर म्हणाली, "देव कुठे ठेवलास?" मी म्हटलं, ठेवायला लागत नाही. ती हं म्हणाली.

जेवल्यावर तिने काम सांगितलं. कारखान्याच्या मूर्ती अंकिताने काढल्या, छान झाल्या. पण घरच्या गणपतीचे डोळे तूच काढायचे. एवढी एकच मूर्ती. "माजा किती दिवसांचा भरवसा हाय," म्हणाली. "एकदा बघू दे तुज्या हातचे."

दादा, तुला नाही म्हणणं सोपं होतं हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या पायाशी बसले होते, तिच्या टाचांना अजून जिन्यावरची धूळ होती. एका मूर्तीने काय बिघडणार होतं? माझ्या मनात सगळी कारणं हो म्हणायचीच येत होती. मी डोळे मिटले आणि काय मागायचं तेही सुचेना. नुसतं प्रभू, प्रभू म्हणत राहिले.

मग म्हटलं, "आई, तू सांगशील ते सगळं करीन. हे नाही करणार."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. तासभर तशीच होती आणि मी जागची हलले नाही. मला वाटलं आता ही उठेल आणि मला शाप देऊन जाईल. उठली ती केस नीट करत म्हणाली, "बापावर गेलीस."

तुला ही गोष्ट माहीत आहे का? मला नव्हती. आपण लहान असताना कुणा पुढाऱ्याने बाबांना सांगितलं होतं की मंडळाच्या गणपतीला त्या पुढाऱ्याचाच चेहरा द्या. मोठं काम होतं, घरात तेव्हा दोन वेळची मारामार. बाबा नाही म्हणाले. आईने पाय धरले होते त्यांचे. तरी नाही म्हणाले. "तवा मी चार दिवस बोलले नाय त्याच्याशी," आई सांगत होती. "पन रागावले म्हनून नाय. इतका सरल मानूस आपला हाय याची भीती वाटली."

मी तिला रिक्षात बसवून गावापर्यंत आले आणि वेशीवर उतरले. मी उतरताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो नको म्हटला नाही. कशाला म्हणू?

घरच्या मूर्तीचे डोळे अंकितालाच काढू दे. आई आता हट्ट करणार नाही. चढण्याचा तिला त्रास झाला असेल, डॉक्टरांना दाखव.

विनी


१९ ऑक्टोबर २०२५
तळोजा

दादा,

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते, फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं. कणकेचे हात घेऊन मी तसाच उचलला. तू म्हणालास, "भाऊबीजेला ये. ओवालायचा का नाय ता तुजा तू बघ." आणि मी काही बोलायच्या आत ठेवलास. मी परत लावला नाही. मला नीट उत्तर द्यायचं होतं, म्हणून पत्र. अंकिता आज येणार आहे, तिच्याच हाती देते.

आधी एक सांगते. गणपतीनंतर देवळात बैठक झाली ते मला वहिनीकडून कळलं. मला गावात येऊ द्यायचं नाही, तुमच्या घराने तसं लिहून द्यावं, असं चार-पाच जणांनी मांडलं. तू मागे बसला होतास. उठून म्हणालास, "भन माजी हाय, घर माजा हाय. तिनं काय चोरी नाय केली. मला सांगून, तोंडावर नाय म्हनून गेली. तुमच्यातल्या कोनात हाय येवढी धमक?" आणि चप्पल घालून बाहेर पडलास.

वहिनीने हे मला ऐकवलं तेव्हा मी कंपनीच्या गेटवर होते. दहा मिनिटं उशिरा आत गेले. सुपरवायझरांनी विचारलं, काय झालं, तर सांगितलं, घरून फोन होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा 'घर' म्हटलं.

तू मला ठरवायला सांगितलंस. मी ठरवलं आहे. ताम्हन आणि निरांजन घेऊन मी ओवाळणार नाही. ते करताना मनात जे असायला हवं ते आता माझ्याकडे वेगळ्या रूपात आहे आणि सणाच्या दिवशी तुझ्यासमोर देखावा करायचा नाही मला. पण तू पाटावर बस. मी तुझ्यासमोर बसून डोक्यावर पदर घेईन आणि तुझ्यासाठी प्रार्थना करीन. मनातल्या मनात नाही, मोठ्याने, आपल्या भाषेत, तुझं नाव घेऊन. तुझ्या हाताच्या मुंग्या जाव्यात म्हणून, वहिनीचं डोकं शांत राहावं म्हणून, अंकिताच्या हाताला यश यावं म्हणून. दोन मिनिटं लागतील. आई ऐकत असेल तर ऐकू दे. मग आपण जेवू.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. बैठकीतले लोक पुन्हा बोलतील. मंडळीतल्या त्या दोघी अजून माझ्याकडे येत नाहीत. शेजारीण मात्र गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढली, सहाव्यापर्यंत आली आणि उतरताना विचारलं, तुमच्याकडे ती लहान मुलगी यायची, ती चित्रं काढायला शिकते का? तिच्या मुलीला शिकायचं आहे. म्हटलं, मीच शिकवते, पाठवा.

मी घाबरत नाही आता. पहिले दोन-तीन महिने वाटायचं, हे सगळं माझ्या हातून निसटेल. ते मी धरलेलं नव्हतंच, प्रभूनेच मला धरलेलं होतं, हे हळूहळू समजलं.

तर गुरुवारी अकराच्या सुमारास येते. पण ती प्रार्थना तुझ्या घरात, तुझ्या पाटासमोर होणार आहे. नको वाटत असेल तर अंकिताबरोबर तसं सांग, मी नुसती जेवायला येईन आणि काही मनात ठेवणार नाही. तू मला विचारलंस. म्हणून मीही तुला विचारते आहे.

तुझी बहीण,
विनिता